उभ्या शिळेचं जपायचं ते तिच्या बुडाशी असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: माळावर तीन मोठ्या शिळा आहेत. दोन उभ्या, माणसापेक्षा उंच, आणि तिसरी आडवी पडलेली. त्या प्रागैतिहासिक आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं? आणि पडलेली उभी केली, तिघींभोवती सिमेंटचा ओटा बांधला, कुंपण घालून फलक लावला, तर वारसा म्हणून त्यांचं जतन झालं असं म्हणता येईल का?

आधी ओट्याचं सांगतो, कारण तेवढ्यात कुणी सिमेंट आणलं तर बाकीचं उत्तर वाचून उपयोग नाही. ओटा बांधू नका. पडलेली शिळा उचलू नका. तिच्या बुडाशी पहार लावू नका, आणि "खाली काही आहे का बघू" म्हणून हातभर खड्डाही करू नका. बाकी सगळं सावकाशीनं करता येतं.

एवढी घाई का, ते शिळा उभी कशी करतात हे पाहिलं की कळतं. आधी खड्डा खणायचा. अनेक ठिकाणी त्याची एक बाजू उतरती ठेवलेली सापडते, म्हणजे शिळा घसरवत आणून तिचं बूड खड्ड्यात सोडता येतं. मग दोर, ओंडके आणि माणसांचं बळ लावून ती सरळ करायची आणि हलू नये म्हणून भोवती दगड ठासायचे, माती भरायची. या भरावात त्या दिवसांचं बरंच काही अडकून राहतं: शेकोटीचा कोळसा, हाडं, खापरं, खणायला वापरलेली आणि तुटली म्हणून टाकून दिलेली हत्यारं. शिळा कधी उभी केली हे सांगणारा साक्षीदार तो भराव आहे. शिळा स्वतः काहीच सांगत नाही. तिच्या दगडाचं वय काढलं तर तो खडक कधी तयार झाला ते कळेल, कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात, आणि तुमच्या प्रश्नाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कोळसा किंवा हाड मिळालं तर कार्बन-१४ पद्धतीनं काळ काढता येतो. तेही नसेल तर भरावातल्या मातीच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला होता हे मोजायची पद्धत आहे. त्यासाठी नमुना अंधारातच काढावा लागतो. कुणी उत्साहात बुडाशी खणलं की हे दोन्ही मार्ग एकदम बंद होतात. माती उलटली, उजेड लागला, वरचा कोळसा खाली गेला. पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आणला तरी तो उलटलेली माती परत सुलटी करू शकत नाही.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिळावर्तुळाचं उदाहरण देतो. १९०० सालच्या शेवटच्या दिवशी तिथली एक शिळा वरच्या आडव्या दगडासकट कोसळली. सगळ्यांचं धाबं दणाणलं आणि सर्वांत उंच, पण धोकादायक झुकलेली शिळा सरळ करायचं ठरलं. १९०१ मध्ये हे काम विल्यम गोलंडकडे आलं. हा माणूस मुळात धातुतज्ज्ञ, जपानमध्ये बरीच वर्षं काढलेला. त्यानं शिळेच्या बुडाची माती थोडी थोडी करत चाळून काढली, प्रत्येक वस्तू कुठे आणि किती खोल मिळाली याची नोंद ठेवली. त्यात दगडी हातोडे आणि हरणाच्या शिंगाचे तुकडे सापडले आणि धातूची हत्यारं सर्रास वापरात येण्याआधीचं हे काम आहे असं त्यानं म्हटलं. शिळा त्यानं शेवटी काँक्रीटमध्ये बसवली. आज कुणी तसं सहजासहजी करणार नाही, पण आधी वाचून मग बसवली, हा फरक महत्त्वाचा.

त्याच जागेची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९५८ मध्ये तडा गेलेल्या एका शिळेत धातूचे दांडे घालायला आरपार भोकं पाडली. भोकातून निघालेला दगडाचा लांबट गाभा कामावरच्या एकानं आठवण म्हणून नेला आणि जवळजवळ साठ वर्षं जपून परत दिला. त्याचं रासायनिक विश्लेषण झालं आणि २०२० मध्ये कळलं, की तिथल्या बहुतेक मोठ्या शिळा सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वूड्स या भागातून आणल्या असाव्यात. कचरा म्हणून फेकायची वस्तू होती ती. (लहान निळसर शिळा वेल्समधून, दोनशेहून जास्त किलोमीटरवरून आल्या हे आधीच ठाऊक होतं. मधोमध पडलेली शिळा तर स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली असल्याचं २०२४ मध्ये पुढे आलं.)

आता ओळखायचं कसं? नुसतं पाहून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शिळा उभी करणं हे जगात अनेकदा, अनेक ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना झालेलं काम आहे. तुर्कस्तानातल्या गोबेकली टेपेचे दगडी खांब अकरा हजार वर्षांहून जुने. फ्रान्समधल्या कार्नाकच्या तीन हजारांहून जास्त शिळांच्या रांगा साधारण सहा-साडेसहा हजार वर्षांपूर्वी सुरू झालेल्या परंपरेतल्या. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल आणि गांबियाची शिळावर्तुळं मात्र पार इसवी सनाच्या १६व्या शतकापर्यंत उभारली जात होती. मेघालयात खासी आणि जैंतिया समाजांच्या शिळा तर त्यांच्या स्वतःच्या आठवणीत आहेत. नार्तियांगला उभी शिळा पुरुषाची आणि आडवी स्त्रीची मानतात. विदर्भातली शिळावर्तुळं, जुनापाणी आणि माहूरझरीसारखी, लोखंड वापरणाऱ्या माणसांची आहेत, म्हणून अभ्यासक त्यांना काटेकोर अर्थानं प्रागैतिहासिक न म्हणता महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांच्या स्मारकांच्या काळातली, म्हणतात. दिसायला सगळे दगडच.

तरीही डोळ्यांना काही खुणा कळतात. दगडावर ओळीनं अर्धगोल भोकांचे खाचे असतील तर तो पाचर ठोकून फोडलेला, बहुधा अलीकडचा. माथ्यावरून खाली ओघळल्यासारख्या उभ्या खोल चरा असतील तर पावसानं त्या उभ्या अवस्थेतच कोरल्या, म्हणजे शिळा फार काळ तशीच उभी आहे. इंग्लंडमधल्या बरोब्रिजच्या तीन शिळांचे माथे असे चरांनी फाटल्यासारखे झालेत. अर्थात हे दगडाच्या जातीवर अवलंबून. कठीण खडकावर अशा चरा सहजासहजी पडत नाहीत. पडलेल्या शिळेवर आडव्या लांबीच्या दिशेनं अशा चरा दिसल्या तर ती पूर्वी उभी होती असं मानायला जागा आहे. उलट, उभी शिळा फक्त गुरांना अंग घासायला किंवा हद्द दाखवायला शंभर वर्षांपूर्वी रोवलेली असू शकते, आणि असे दगड मी प्रागैतिहासिक म्हणून मिरवताना पाहिलेत. आसपास आणखी दगड आहेत का, ते रांगेत किंवा वर्तुळात बसतात का, जमिनीत किंचित उंचवटा किंवा खळगा आहे का, हे बघणं जास्त उपयोगाचं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, तिरपं ऊन असताना जा. दुपारी माळ सपाट दिसतो. त्याच माळावर सूर्य खाली आला की सगळे उंचवटे सावल्या टाकतात.

दगडावर वाटीसारखे छोटे खळगे किंवा रेघा असतील तर खडूनं भरून फोटो काढायचा मोह आवरा. खडू बारीक छिद्रांत जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे खडू तुम्हाला जे दिसलं तेच कोरतो. पुढचा माणूस तुमची रेघ बघतो, दगडाची नाही. अंधारात एका बाजूनं टॉर्च धरा आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. सर्व बाजूंनी एकमेकांवर चढणारे शे-दोनशे फोटो असतील तर संगणकावर त्यांची त्रिमितीय प्रतिकृती बनते, आणि तीत डोळ्यांनी सुटलेल्या खुणा पुष्कळदा सापडतात. साध्या मोबाइलनं हे होतं.

धुणं, घासणं, तारेचा ब्रश हे तर नकोच. शिळेवरचं दगडफूल मळ नाही. ते फार हळू वाढतं आणि काही जाती खूप जुन्या असतात. स्टोनहेंजच्या दगडांवरच त्यांच्या सत्तरहून जास्त जाती नोंदल्या आहेत. जून २०२४ मध्ये आंदोलकांनी तिथे नारिंगी पूड फवारली, तेव्हा जाणकारांना दगडाइतकीच काळजी या दगडफुलाची होती. पूड पाण्यानं न धुता हवेच्या झोतानं उडवली, ती त्यामुळेच.

सिमेंटबद्दल मी इतका कडवट का, ते सांगतो. एका ठिकाणी, सगळ्यांच्या सदिच्छेनं, एका एकट्या शिळेभोवती गुडघाभर उंच गोल ओटा बांधला होता. आठ-दहा वर्षांनी मी पाहिलं तेव्हा ओट्याच्या वरच्या कडेला बरोबर वीतभर पट्ट्यात दगडाची साल सुटत होती. कारण साधं आहे. शिळा जमिनीतलं पाणी थोडं शोषते आणि ते बाहेर वाळून जातं. ओट्यानं बाहेरची वाट बंद केली, पाणी वर चढलं, ओट्याच्या कडेला वाळायला लागलं. सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर दगडात गेले आणि तिथेच स्फटिक होऊन फुगले. साल तडकते ती अशी. ओटा काढायचा तर फोडावा लागणार, फोडताना हादरे शिळेला बसणार, आणि पाया खणताना भरावाचं जे झालं ते तर झालंच. पैसे गोळा केलेल्या मंडळींना हे सांगणं मला अवघड गेलं होतं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं.

म्हणून मी जागेकडे आलो की शिळेकडे शेवटी बघतो. आधी जमीन. कुठून पाणी वाहतं, पायवाट कुठून जाते, नांगर किती जवळ येतो, झाडाची मुळं कुठल्या बाजूला आहेत. शिळा पडतात त्या बहुतेक वेळा माथ्यावर काही आदळून नाही, तर बुडाची माती गेल्यामुळे. गुरं अंग घासतात आणि त्याच ठिकाणी उभी राहून खुरांनी जमीन उकरतात. दोन पावसाळ्यांत बुडाशी गोल डबकं तयार होतं. माणसांचे पाय हेच करतात, फक्त संख्येनं जास्त. कार्नाकमध्ये पर्यटकांच्या पायांनी गवत मेलं, माती वाहून गेली, शिळांची बुडं उघडी पडू लागली, तेव्हा १९९१ पासून रांगांना कुंपण घालावं लागलं. गावातल्या काही लोकांनी त्याला विरोधही केला, आणि मला दोन्ही बाजू कळतात. आत गवत परत आल्यावर ते काबूत ठेवायला यंत्रं न फिरवता मेंढ्या सोडल्या. मेंढी हलकी आणि गवत खाते.

कुंपणाचं उत्तर यातच आलं. कुंपण घालायला हरकत नाही, पण कुठे? शिळेपासून हातभर अंतरावर खांब रोवले तर खांबांचे खड्डे नेमके त्या भरावात जातात. कुंपण असं घातलं की आत चरायला कुणी नाही, मग झुडपं माजतात आणि त्यांची मुळं नांगरापेक्षा जास्त खोल जातात. कुंपण घालून विसरलेली जागा मला उघड्या कुरणापेक्षा जास्त घाबरवते.

कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण "नोंद झाली की सुटलो" हा समज सगळीकडे आहे. प्राचीन स्मारकांसाठी ब्रिटनचा पहिला कायदा १८८२ चा. त्यामागे खासदार जॉन लुबॉक होते. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हबरीच्या शिळावर्तुळात घरं बांधायचा बेत झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून ती जमीन विकत घेतली आणि मग जवळपास दहा वर्षं संसदेत भांडत राहिले. कायदा झाला तोवर त्याचे दात काढलेले होते. यादीत ६८ स्मारकं, बहुतेक प्रागैतिहासिक, आणि मालकावर सक्ती जवळपास नाही. त्यानं आपणहून स्मारक सरकारच्या देखरेखीखाली दिलं तरच खरं संरक्षण. पहिले निरीक्षक होते पिट-रिव्हर्स, लष्करातले जनरल; ते पुढे लुबॉकचे सासरेही झाले. ते गावोगाव फिरून मालकांची मनधरणी करायचे. मी या मनधरणीला कमी लेखत नाही. आजही निम्मं काम तेच आहे.

एव्हबरी इतकं का पेटलं, याचं कारण १८व्या शतकात तिथे जे चाललं होतं ते. शिळेखाली खड्डा करून जाळ लावायचा, दगड तापला की वर गार पाणी ओतायचं आणि घणानं फोडायचा; त्या दगडांची घरं झाली. जुन्या अवशेषांचा अभ्यासक विल्यम स्टुकली तिथेच बसून नकाशे आणि चित्रं काढत होता आणि दरवेळी आला की एखादी शिळा कमी झालेली असायची. पण त्याच्या नोंदींचाही आधार घेत १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलरला जमिनीखाली पुरलेल्या शिळा शोधून परत उभ्या करता आल्या. जिथे शिळा गेली पण खड्डा मिळाला, तिथे त्यानं काँक्रीटचे ठेंगणे खांब लावले. खड्डा राहिला होता म्हणून शिळेची जागा तरी कळली, हे इथे लक्षात घ्या.

आताच्या कायद्यांत जमीन संरक्षणाखाली येते. ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्यात नोंदलेल्या जागेत परवानगीशिवाय खणता येत नाही, धातुशोधक यंत्र फिरवता येत नाही. पण आधीपासून चालू असलेली नांगरणी तशीच चालू ठेवायची मुभा आहे, आणि "तेवढ्याच खोलीची" म्हणत दरवर्षी बोटभर माती जाते. भारतात १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती आहे: संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. देवळाला किंवा किल्ल्याला हे बसतं. शिळांच्या बाबतीत मुख्य प्रश्न हद्द कुठे आखली हा. अधिसूचनेत फक्त तीन उंच शिळा आल्या आणि भोवतीच्या पडलेल्या, अर्ध्या पुरलेल्या, कुणाच्या लक्षात न आलेल्या पन्नास राहिल्या, तर कागद बरोबर आणि जागा गेलेली, असं होतं. म्हणून हद्द ठरायच्या आधी सर्वेक्षण हवं, आणि ते दिसणाऱ्या दगडांच्या पलीकडे गेलेलं हवं.

याच मुद्द्यावर कार्नाकमध्ये २०२३ साली गदारोळ झाला. एका दुकानाच्या बांधकामासाठी जमीन साफ करताना ३९ लहान शिळा गेल्या अशी तक्रार झाली आणि बातमी जगभर पसरली. सांस्कृतिक खात्याच्या प्रादेशिक कार्यालयानं नंतर सांगितलं की ते अवशेष प्रागैतिहासिक होते हेच निश्चित नाही. मला यातली खरी चुटपुट ही वाटते की आता ते कधीच निश्चित होणार नाही. कार्नाक आणि मोर्बिहान किनाऱ्यावरचे महापाषाण २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तेलंगणातल्या मुडुमलच्या उभ्या शिळाही त्याच वर्षी युनेस्कोच्या संभाव्य यादीत आल्या. आनंद आहेच, पण संभाव्य यादी म्हणजे नामांकनाच्या रांगेत नाव लागणं. तिनं एकाही शिळेजवळ पहारेकरी उभा राहत नाही. ते काम त्या देशाच्या कायद्याचं आणि शेजारच्या माणसांचं.

शेजारची माणसं म्हटलं की पूजेचा प्रश्न येतो. शिळेला कुणी शेंदूर लावत असेल, तेल घालत असेल तर काय? दगडाचा विचार केला तर ते वाईटच: खुणा झाकल्या जातात, तेलावर धूळ बसते. पण ज्या दगडात देव आहे तो कुणी बांधासाठी फोडत नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात एका शिळेवर १७व्या शतकात क्रूस आणि ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हं कोरली. प्रागैतिहासिक शुद्धता गेली, शिळा राहिली. मी अशा वेळी बंदी मागत नाही. पूजा एकाच शिळेची, एकाच बाजूनं व्हावी, दिवा बुडाशी न ठेवता थोडा पुढे ठेवावा, एवढं बोलून बघतो, आणि ते ऐकतात. उलट स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवर १८१४ मध्ये एका शेतकऱ्यानं, ज्या भोकाच्या शिळेतून हात मिळवून लोक शपथा घ्यायचे तीच फोडली. तो बाहेरून आलेला होता, आणि लोक आपल्या जमिनीत ये-जा करतात याचा त्याला वैताग आला होता. गावकऱ्यांचा संताप इतका झाला की त्यामुळेच बाकीच्या शिळा वाचल्या.

तर तुमच्या तीन शिळांचं असं करा. आधी जमीन कुणाची हे शोधून त्या माणसाशी बोला, आणि पहिल्या भेटीत "संरक्षण" हा शब्द काढू नका. जमीन जाईल या भीतीनं रातोरात दगड उपटल्याची उदाहरणं आहेत. त्याच्या वडिलांच्या वेळी तिसरी शिळा उभी होती का, ते विचारा. जागेचे अक्षांश-रेखांश, प्रत्येक शिळेची उंची, रुंदी, जाडी, तिचं रुंद अंग कुठल्या दिशेला आहे, आणि तिघींमधली अंतरं लिहून घ्या. फोटोत मोजपट्टी ठेवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधन शोधणारे तिथे तुमच्या आधी पोचतात. मग ही नोंद पुरातत्त्व विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या.

पडलेली शिळा आहे तशीच राहू द्या. तिच्याखाली जी माती आहे तिच्यावर, ती पडली त्या दिवसापासून, नांगर फिरलेला नाही.